जमिनीचा रंग आणि दिलेला शब्द



आजचा विषय ऐकायला रुक्ष आहे. जमिनीच्या वापराचा विभाग बदलणे, म्हणजे आपल्या बोलीत 'झोन बदलणे'. ग्रीन झोनची जमीन यलोमध्ये आली, इंडस्ट्रियलची रेसिडेन्शिअल झाली, ही वाक्यं आज तालुक्याच्या गावी चहाच्या टपरीवरही ऐकू येतात. नकाशावरचा रंग बदलला की एकराचा भाव बदलतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्याच्या मागचं बघायचं आहे. जमिनीला असा वर्ग देणं ही कल्पना आली कुठून? आणि तो वर्ग बदलतो तेव्हा नेमकं काय बदलतं? माती तर तीच राहते.

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे सुरुवात एका भेदापासून करतो. एखाद्या गोष्टीचं वर्णन करणं वेगळं आणि तिच्याविषयी शब्द देणं वेगळं. 'ही जमीन काळी आहे' हे वर्णन झालं. ते खरं असेल नाहीतर खोटं. 'या जमिनीवर शाळाच होईल' हा दिलेला शब्द आहे. तो खरा-खोटा नसतो, तो पाळला जातो किंवा मोडला जातो. जमिनीच्या वर्गवारीचा इतिहास हा वर्णनाकडून शब्दाकडे झालेला प्रवास आहे, असं माझं म्हणणं आहे. आजचा सगळा घोळ होतो तो आपण शब्दाला वर्णन समजतो म्हणून.

आपल्याकडची पहिली पद्धतशीर वर्गवारी वर्णनाची होती. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी दख्खनमध्ये सारा ठरवायला घेतला. प्रिंगलच्या पद्धतीने आकारलेला सारा शेतकऱ्याला झेपेना, लोक गावं सोडून जायला लागले. मग १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी नव्याने मोजणी केली. मातीची खोली किती, रंग कसा, चुनखडी किंवा वाळू आहे का, हे बघून प्रत्येक शेताची प्रत आण्यांमध्ये लावली. सोळा आणे म्हणजे उत्तम. पुढे हीच पद्धत मुंबई इलाख्यात पसरली आणि आपल्या सातबाऱ्यावरचे जिरायत, बागायत, पोटखराबा हे शब्द त्याच परंपरेतले आहेत. इथे कारकून विचारत होता, जमीन 'आहे कशी?' 'असावी कशी' हा प्रश्न त्याच्या वहीत नव्हता.

अर्थात गावाने 'असावी कशी' हे आधीच ठरवलेलं होतं, ते कागदावर नव्हतं एवढंच. गावठाण कुठे, गायरान कुठे, मसणवटा कुठे. आणि महारवाडा, मांगवाडा गावकुसाबाहेर. ही सुद्धा विभागणीच होती. कोणी कुठे राहायचं हे जातीने ठरवलेलं आणि हरकत घ्यायला जागा नाही. म्हणून आधुनिक नगररचनेवर टीका करताना जुन्या गावाचं गोड चित्र रंगवायचा मोह मी टाळतो.

आता 'असावी कशी' हे कायद्याने लिहायला सुरुवात झाली ती युरोपात. जर्मनीत फ्रँकफर्ट शहराने १८९१ मध्ये शहराचे विभाग पाडून प्रत्येकाला वेगळे बांधकाम नियम लावले. न्यूयॉर्कने १९१६ मध्ये संपूर्ण शहरासाठी तसा ठराव केला. कल्पना साधी होती. कारखान्याचा धूर आणि माणसाचं घर शेजारी शेजारी नको.

पण मालक विचारणारच, माझ्या जमिनीवर मी काय करायचं हे सांगणारे तुम्ही कोण? हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला तो ओहायो राज्यातल्या एका छोट्या गावातून. गावाचं नाव युक्लिड, भूमितीवाल्या युक्लिडवरूनच ठेवलेलं. तिथे ॲम्बलर नावाच्या जमीन कंपनीची ६८ एकर जागा होती आणि ती कारखान्यांना विकायचा तिचा बेत होता. गावाने १९२२ मध्ये ठराव करून त्यातल्या बऱ्याच भागावर उद्योगाला मनाई केली. कंपनी म्हणाली, आमच्या जमिनीची किंमत कोसळली, म्हणजे आमची मालमत्ताच काढून घेतली. १९२६ मध्ये न्यायालयाने गावाच्या बाजूने निकाल दिला. एखादी गोष्ट मुळात वाईट नसली तरी चुकीच्या जागी ती उपद्रव ठरू शकते, असं न्यायालयाचं म्हणणं. डुक्कर गोठ्यात ठीक, दिवाणखान्यात नको, असा दृष्टांतही दिला होता. गंमत अशी की, पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात याच जमिनीवर कारखाना उभा राहिला. दिलेला शब्द किती काळ टिकतो, हा प्रश्न त्या पहिल्याच प्रसिद्ध खटल्याला चिकटलेला आहे.

याच हत्याराचा दुसरा उपयोगही तिथे झाला होता, तोही सांगायला हवा. लुईव्हिल शहराने कृष्णवर्णीयांनी कोणत्या रस्त्यावर राहायचं आणि गोऱ्यांनी कोणत्या, असा ठराव केला होता. १९१७ मध्ये न्यायालयाने तो रद्द केला. गावकूस फक्त आपल्याकडेच नसतं.

मुंबईकडे येऊ. १८९६ मध्ये प्लेग आला आणि सरकारला शहराच्या दाटीची जाणीव झाली. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. १९१५ मध्ये मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा झाला, देशातला या प्रकारचा पहिला. १९५४ च्या कायद्याने नगरपालिकांना विकास योजना करणं भाग पडलं. आणि १९६६ मध्ये आजही लागू असलेला महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम आला.

१९६६ हे साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी महाराष्ट्र जमीन महसूल संहिताही झाली. म्हणजे एकाच वर्षी दोन कायदे. एक विंगेटचा वारस, दुसरा युक्लिड गावाचा. शेतजमीन बिगरशेती करायची, म्हणजे 'एन.ए.' करायची, तर महसुलाच्या दारात जायचं, आणि तिथे काय बांधता येईल हे नगररचनेच्या नकाशावर बघायचं. गेल्या काही वर्षांत सरकारने एन.ए.ची वाट बरीच सोपी केली. विकास योजनेत जमीन ज्या वापरासाठी दाखवली आहे, त्यासाठी वेगळ्या परवानगीची दगदग कमी झाली. याचा अर्थ असा की, नकाशावरच्या रंगाचं वजन आता पूर्वीपेक्षा वाढलं आहे.

या १९६६ च्या कायद्यातलं कलम ३७ आज आपल्या कामाचं आहे. मंजूर झालेल्या विकास योजनेत फेरबदल करता येतो, त्यासाठी राजपत्रात सूचना द्यायची, महिनाभर हरकती आणि सूचना मागवायच्या, सुनावणी घ्यायची. पण अट अशी की, फेरबदल योजनेचं मूळ स्वरूप बदलणारा नसावा. 'स्वरूप' हा शब्द कायद्याने वापरला आणि त्याची व्याख्या करायची राहून गेली. तत्त्वज्ञानाच्या माणसाला असा शब्द दिसला की तो थांबतो. आपणही थांबू, पण आधी गिरणगावात जाऊन येऊ.

मुंबईत पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला काढली. पुढच्या शंभर वर्षांत भायखळ्यापासून परळ, लालबाग, वरळी, शिवडीपर्यंत गिरण्यांची रांग उभी राहिली. रत्नागिरीचा, साताऱ्याचा माणूस भोंग्यावर उठायला लागला. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे दहा-पंधरा जण, खाणावळी, भजनी मंडळं, गावाकडे जाणारी मनीऑर्डर. मी ज्या महाविद्यालयात शिकवायला लागलो, तिथल्या संध्याकाळच्या वर्गात पाळी संपवून आलेली मुलं बसायची, केसांत कापसाचे तंतू असायचे. नकाशावर ही सगळी जमीन उद्योगाची होती. सुमारे ६०० एकर, शहराच्या ऐन मध्यावर. यातल्या काही जमिनी भाडेपट्ट्याने दिलेल्या होत्या, कारण तिथे गिरणी चालणार होती, रोजगार मिळणार होता.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. कित्येक गिरण्या पुन्हा नीट चालू झाल्याच नाहीत. कापडापेक्षा कापड जिथे विणलं जायचं ती जागा महाग झाली होती.

तेव्हा १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांसाठी ५८ क्रमांकाचा नियम आला. हा नियम मला महत्त्वाचा वाटतो, कारण वर्ग बदलताना जुन्या शब्दाची भरपाई कशी करायची याचं उत्तर त्याने दिलं होतं. ढोबळमानाने उत्तर असं. गिरणीची जमीन दुसऱ्या वापराला काढायची असेल तर तिचे तीन वाटे करा. एक वाटा महापालिकेला, बागा आणि मैदानांसाठी. एक म्हाडाला, परवडणाऱ्या घरांसाठी. उरलेला मालकाला, त्याने विकसित करून विकावा. येणाऱ्या पैशांतून कामगारांची देणी द्यावीत, आजारी गिरणी सावरावी. नेमकं प्रमाण जमिनीच्या आकाराप्रमाणे थोडं कमीजास्त होतं, पण तत्त्व हेच. जमिनीचा भाव मालकाच्या श्रमाने वाढलेला नाही, शहराने वाढवला आहे, तर त्यात शहराचा वाटा असावा.

दहा वर्षं गेली. फार कमी मालक पुढे आले. दोन वाटे द्यायचे कोणी? जुन्या शेड न पाडता आत दुसरा वापर सुरू करायची पळवाट होतीच. दरम्यान १९९६ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीने एकत्रित आराखड्याचा अहवाल दिला होता. त्यात राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचा विचार होता. या जमिनी एकेक करून न बघता एकत्र बघा, म्हणजे शहराला सलग मोकळी जागा मिळेल, रस्ते नीट होतील, असा त्याचा सूर. तो आराखडा कागदावर राहिला.

आणि २० मार्च २००१ ला नियम ५८ बदलला. सरकारचं म्हणणं असं की, जुन्या नियमाने जमीन बाहेर येत नाही, कामगारांची देणी थकली आहेत, काहीतरी सवलत द्यायला हवी. हे म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. देणी थकली होती हे खरंच होतं. पण बदल झाला तो असा : तीन वाट्यांची वाटणी आता सगळ्या जमिनीची नाही, फक्त 'मोकळ्या जमिनीची' करायची.

मोकळी म्हणजे कोणती? शेड पाडल्यावर जी मोकळी होईल ती, का आधीपासून जिच्यावर काहीच बांधलेलं नव्हतं तेवढीच? २००३ मध्ये सरकारने खुलासा केला की, पाडल्याने मोकळी झालेली जमीन यात धरायची नाही. आता एक काल्पनिक हिशेब करू. समजा गिरणीची नऊ एकर जमीन आहे. सहा एकरांवर शेड आणि चिमणी, तीन एकर अंगण. जुन्या नियमाने शहराला आणि म्हाडाला मिळून सहा एकर मिळाले असते. नव्या नियमाने त्या तीन एकरांचेच वाटे, म्हणजे दोघांना मिळून दोन. एका विशेषणाच्या अर्थावर चार एकर हलले. गिरणी म्हणजे जवळजवळ सगळी शेडच असते, हे ज्याने गिरणी पाहिली आहे त्याला सांगायला नको.

२००५ मध्ये महामंडळाच्या गिरण्यांचे लिलाव झाले. मुंबई टेक्सटाइल मिल एकटीच ७०२ कोटींना गेली. त्याच वर्षी बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप ही संस्था उच्च न्यायालयात गेली. १७ ऑक्टोबर २००५ ला उच्च न्यायालयाने सांगितलं की, मोकळ्या जमिनीत पाडकामानंतर मोकळी झालेली जमीनही धरावी लागेल. ७ मार्च २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि सरकारचा अर्थ मान्य केला. पर्यावरण, कामगारांची देणी, गिरण्यांचं पुनरुज्जीवन, आधीच झालेले व्यवहार, या सगळ्यांचा तोल साधायला हवा, असा त्या निकालाचा रोख होता.

निकाल कायद्याने अंतिम आहे. पण नागरिक म्हणून विचारायला हरकत नाही, की शब्द कोणाला दिला होता? जमिनीच्या कागदावर मालकाचं नाव असतं. पण १९९१ च्या नियमात आणखी दोन पक्ष होते, ज्यांचं नाव कुठल्याच उताऱ्यावर नव्हतं. परळच्या चाळीतलं मूल, ज्याला मैदान मिळणार होतं, आणि ज्याला घर मिळणार होतं तो कामगार. कामगारांनी बंद गिरणी कामगार संघर्ष समितीपासून पुढे वर्षानुवर्षं लढून घरांचा हक्क नियमात आणला, हे त्यांचं मोठं यश. २०१२ मध्ये म्हाडाने त्यांच्यासाठी ६,९२५ घरांची सोडत काढली. अर्ज होते सुमारे दीड लाख. वाट्याला येणारी जमीन आधीच आक्रसली असेल, तर सोडतीचा डबा कितीही प्रामाणिकपणे फिरवला तरी हिशेब जुळत नाही.

आता त्या 'स्वरूप' शब्दाकडे येऊ. ग्रीकांकडे एक जुनं कोडं आहे, ढिगाचं. धान्याच्या ढिगातून एक दाणा काढला तर ढीग राहतो का? राहतो. आणखी एक काढला? तरी राहतो. मग कोणता दाणा काढल्यावर ढीग संपला? कलम ३७ खाली येणारा जवळजवळ प्रत्येक फेरबदल हा असा एकेक दाणा असतो. एका सर्व्हे नंबरचं आरक्षण उठलं, योजनेचं स्वरूप बदलत नाही. दुसऱ्याचं उठलं, तरी नाही. वीस वर्षांनी बघावं तर योजनाच शिल्लक नाही आणि ती कोणी संपवली हे कोणाकडेच बोट दाखवून सांगता येत नाही. कोरिया समितीचं म्हणणं मला इथेच मोलाचं वाटतं. दाण्यांकडे नका बघू, ढिगाकडे बघा.

तुमच्यापैकी काही जण मनात म्हणत असतील, सर, आमच्या भावाची दोन एकर ग्रीन झोनमध्ये अडकली आहे, शेतीत काही उरत नाही, शेजारची यलो झाली आणि तो माणूस गाडीतून फिरतो. आम्ही कोणासाठी शब्द पाळायचा? हा प्रश्न योग्य आहे. वर्ग कधी बदलूच नये असं मी म्हणत नाही. गिरण्या कायमच्या बंद झाल्यावर तिथे 'उद्योग' असं लिहून ठेवणं हे भुताला घरभाडं लावण्यासारखं होतं. शहर वाढतं, पोटं भरायची असतात. पण भावाची जमीन हिरवी आणि शेजाऱ्याची पिवळी, याचं कारण भावाला सांगता आलं पाहिजे. ते सांगता येत नसेल तर तिथे नियोजन नाही, तिथे वशिला आहे. आणि हिरवा रंग जर सगळ्या गावाच्या पाण्यासाठी, पुराच्या वाटेसाठी राखला असेल, तर त्याचा भार एकट्या भावाने का सोसावा, हेही विचारलं पाहिजे.

हे विचारून काही होतं का? होतं. गोव्यात २००६ मध्ये प्रादेशिक आराखडा २०११ अधिसूचित झाला, तेव्हा हिरव्या डोंगरउतारांवर वसाहतींचे रंग आलेले लोकांनी नकाशात वाचले. गोवा बचाव अभियान उभं राहिलं आणि २००७ च्या सुरुवातीला सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. मुंबईत २०१५ मध्ये विकास आराखडा २०३४ चा मसुदा आला. त्यात इतक्या चुका निघाल्या आणि हरकतींचा असा पाऊस पडला, की त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो रद्द करून नव्याने करायला सांगितलं. दोन्ही ठिकाणी लोकांनी एकच केलं. नकाशा उघडून आपापली गल्ली, आपापला डोंगर शोधला.

गिरणगावाच्या बाबतीत उलट झालं. २००१ चा बदल झाला तेव्हा 'मोकळी' या शब्दाने काय होणार आहे हे फार थोड्यांनी वाचलं. गदारोळ झाला तो चार वर्षांनी, जमिनी विकल्या जायला लागल्यावर. तोवर व्यवहार झाले होते, आणि झालेले व्यवहार ही न्यायालयात एक बाजू होऊन बसते.

म्हणून शेवटी अगदी व्यवहाराचं बोलतो. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात 'फेरबदलाची सूचना' येते. आपण ती ओलांडून पुढे जातो. यापुढे तिथे थांबा आणि तीन गोष्टी बघा. पहिली, जमीन आधी कोणासाठी राखलेली होती. मालक कोण हा नंतरचा प्रश्न. दुसरी, ज्यांच्यासाठी राखली होती त्यांना बदल्यात काय मिळतंय, किती आणि कुठे. तिसरी, याच भागात गेल्या काही वर्षांत असे किती दाणे उचलले गेले. मग साध्या मराठीत, आपल्या सहीने, मुदतीच्या आत एक पानाची हरकत द्या. तिची पोच घ्या. सुनावणीला बोलावलं तर जा. सुनावणीत कोणी ऐकेल याची हमी मी देत नाही. पण हरकत नोंदलेली असेल, तर 'कोणीच काही म्हणालं नाही' हे वाक्य तरी उद्या कोणाला लिहिता येणार नाही.

विंगेटचा कारकून इंदापूरच्या शेतात मातीत हात घालून प्रत ठरवत होता. तो चुकला तर पुन्हा माती बघून दुरुस्त करता येत होतं. आपण आज जो रंग लावतो तो चुकला का बरोबर, हे माती सांगत नाही. ते त्या जमिनीच्या आसपास राहणाऱ्यांनाच सांगावं लागतं.

प्रश्नांसाठी वेळ ठेवायला सांगितलं आहे, तेव्हा थांबतो.